बेचाळीस नंबरचा बस्ता

संकट घरात शिरतं तेव्हा बहुतेक वेळा चांगल्या विचाराचे कपडे घालून शिरतं. बाबाराव तामगाडग्यांच्या घरात ते बासष्ट सालच्या वैशाखात, एका रविवारी, चहाच्या वेळी शिरलं. बशीतला चहा फुंकता फुंकता बाबाराव म्हणाले,

"या खेपेस पोट्टे मी सांभाळतो."

चुलीपुढे बसलेल्या कांताबाईंचा हात जिथल्या तिथे थांबला. पोळी करपली. आठ वर्षांच्या संसारात असलं वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

"कवा?"

"इंदीच्या लग्नात. तू मांडवात सगळ्यात समोर बस. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मागं वळून पाहायचं नाही आन् मधात उठायचं नाही. चारही पोट्टे माह्याकडं."

यात बाबारावांचं औदार्य किती आणि अनुभव नसण्याचा भाग किती, हे आपण नंतर पाहू. पण त्या वाक्याला मागची हकीकत होती. "मले एक लगन अख्खं पाह्याचं हाय," हे कांताबाई गेली तीन वर्षं म्हणत होत्या. सख्ख्या भावाच्या, देवरावच्या लग्नात नेमकी हार घालायच्या वेळेला त्या मिलिंदला घेऊन गोठ्यामागे होत्या. चुलत नणंदेच्या लग्नात त्यांना फक्त वाजंत्री ऐकू आली. एका लग्नात तर त्या मांडवात पोचल्या तेव्हा तिथे फक्त पत्रावळी उरल्या होत्या. आणि आता लग्न होतं इंदूचं. इंदू म्हणजे धाकटी बहीण. माय कापूस वेचायला जायची तेव्हा आठ वर्षांच्या कांताबाईंनी तिला दिवसभर कडेवर वागवलं होतं. त्या इंदूचं लग्नही गोठ्यामागून ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

बाबारावांना चार मुलं. थोरली नलू छप्पन सालाच्या आधीची. दीक्षेनंतरचे मिलिंद, सुजाता आणि नऊ महिन्यांचा गौतम. (नावावरून साल समजतं, हा रेकॉर्डच्या दृष्टीने मोठाच फायदा.) नलू सात वर्षांची असल्यामुळे ती मुलांत मोडत नव्हती. ती देखरेखीत मोडत होती. मिलिंद पाच वर्षांचा. त्याला पळायला येत होतं, थांबायला येत नव्हतं. तीन वर्षांच्या सुजाताला थांबायला येत होतं, पण एकदा थांबली की हलत नसे. आणि गौतमला काहीच येत नसल्यामुळे तो सदैव कोणाच्या तरी अंगावर असे.

दोन हात आणि तीन मुलं, हा हिशेब बाबाराव रात्रभर करत होते. सोमवारी कचेरीत त्याचं उत्तर सापडलं.

पांढरकवड्याच्या कचेरीत ते रेकॉर्ड-कीपर होते. त्यांच्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत बस्ते होते. ज्यांना सरकारी नोकरीचं भाग्य लाभलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बस्ता म्हणजे लाल खारव्याचं चौरस कापड. मध्ये कागदांची चवड ठेवायची, चारही टोकं आवळायची आणि गाठ मारायची. त्या बस्त्यांकडे पाहता पाहता बाबारावांच्या मनात आलं, 'अकरा वर्षांत आपल्या बस्त्यातून एक कागद गळाला नाही. मग पोरगं कसं गळेल?'

त्यांनी बस्ते बांधणाऱ्या दप्तरी गुलाबसिंगला हाक मारली. गुलाबसिंग तांड्यावरचा, कचेरीतला सगळ्यात जुना माणूस. त्याने योजना शांतपणे ऐकली.

"बाबूजी, लेकरू का फाइल हाय?"

"वजनाला तेवढंच आहे."

"फाइल रडत नाई, बाबूजी."

"तू गाठीचं सांग. सुटणार तर नाही?"

गुलाबसिंगला हा अपमान वाटला. "माही गाठ? माही गाठ वजन हाललं की अजून आवळते. साहेब बदलले, राज बदललं, गाठ नाई सुटली."

मोडीत निघालेला एक बस्ता बाबारावांनी रीतसर अर्ज करून मागून घेतला. त्याच्यावर काळ्या रंगात ठळक अक्षरं होती: 'बस्ता नं. ४२. कायम जतन करावा.' कांताबाईंनी तो सोड्यात उकळून काढला. अक्षरं गेली नाहीत. रंगाचं काय झालं, ते पुढे येईलच.

लग्नाच्या दिवशी सकाळी गुलाबसिंग स्वतः घरी आला. बाबाराव नव्या रिवाजाप्रमाणे पांढरंशुभ्र धोतर आणि पांढरा सदरा घालून ओणवे उभे राहिले. गौतमला पाठीवर ठेवलं. दोन टोकं खांद्यांवरून, दोन काखेखालून, सगळी मागे नेऊन लेकराच्या बुडाखाली गुलाबसिंगने गाठ मारली आणि वरून एक चापट दिली. गौतम हसला. कचेरीतून आणलेली लाल फीत बाबारावांनी कमरेला बांधली. तिचं एक टोक मिलिंदच्या कमरेला, दुसरं सुजाताच्या. आता दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी ते पुढे पसरून कांताबाईंना दाखवले.

"पाहा. दोन्ही रिकामे."

कांताबाईंनी त्यातल्या एकात ट्रंक दिली आणि दुसऱ्यात पाण्याची कळशी.

गाठ सोडायची कशी, हे कोणीच विचारलं नाही. यात बाबारावांचा दोष नव्हता. बस्ता सोडणं हे दप्तरीचं काम. कारकुनाने 'बेचाळीस काढ' म्हणायचं, की बेचाळीस सुटून टेबलावर येतो. अकरा वर्षांत बाबारावांच्या बोटांनी एकाही गाठीला स्पर्श केला नव्हता.

घाटंजीच्या मोटारीत चढल्यावर शोधातली पहिली उणीव कळली. पाठीवर मूल बांधलेला माणूस बसू शकत नाही. टेकला की मूल चेंगरतं. बाबाराव कळशी खाली ठेवून दांडी धरून उभे राहिले. कांताबाई दोन बाकं पुढे खिडकीशी बसल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच. त्या बाहेरची पळसाची झाडं पाहत होत्या आणि आपला या गर्दीशी काही संबंध असल्याचं दाखवत नव्हत्या.

नलू दुसरीत होती आणि दिसेल ते मोठ्याने वाचत होती. तिने बापाची पाठ वाचली.

"का-य-म ज-त-न क-रा-वा."

सगळी मोटार वळून पाहू लागली. बासष्ट साली त्या भागात बाप्या माणसाने मूल पाठीशी बांधून निघणं म्हणजे एकतर नवस, नाहीतर मोठं दुःख. शेजारच्या बाकावर टोपली घेऊन एक वच्छलाबाई बसल्या होत्या. त्यांनी दुःख धरलं.

"चार लेकरं टाकून गेली वो बिचारी," त्या शेजारणीला म्हणाल्या.

"नाही, नाही," बाबाराव म्हणाले, "थे तर..." पण गौतमने त्याच वेळी मागून त्यांच्या तोंडात चार बोटं घातली आणि ओठ कानापर्यंत ओढला.

"पाह्य. बोलता बी येत नाई बिचाऱ्याले," वच्छलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "भाऊ, मन घट्ट करा. लेकराइकडं पाहा. माह्या नणंदेची जाऊबहीन हाय. सैपाकात चांगली. सभावानं गाय."

बाबारावांनी दोन्ही हात हलवले. एका हातात ट्रंक होती, ती कंडक्टरला लागली. तेवढ्यात पुढच्या खिडकीतून शांत आवाज आला.

"बाई, लेकरं सांभायते का थे?"

"सांभायते ना. काहून नाई सांभायनार!"

"मंग आजच आना," कांताबाई न वळता म्हणाल्या. "आमच्या घरी थे एकच जागा खाली हाय. बाकी माय हायच मी."

वच्छलाबाई उतरल्या त्या टोपली विसरून, आणि टोपलीसाठी परत चढल्या तेव्हा त्यांनी बाबारावांकडे असं काही पाहिलं, की आपण बायको जिवंत ठेवून त्यांचा मोठा विश्वासघात केला असं बाबारावांना वाटलं.

घाटंजीहून सासर दोन कोस. देवरावने बैलांची बंडी पाठवली होती. बंडीतही टेकता येईना, तेव्हा बाबाराव मागून चालत निघाले. उन्हाने अंग भाजत होतं. वाटेत पाठीला अचानक गारवा लागला. क्षणभर बरं वाटलं. मग त्या गारव्याचं मूळ लक्षात आलं. आणि खारव्याच्या लाल रंगाने सोड्यात टिकवलेला सगळा निर्धार तिथे सोडला.

दारात सासूबाई ओवाळायला उभ्या होत्या. जावई पाठमोरे होऊन मिलिंदला ओढत होते. सासूबाईंना पांढऱ्या सदऱ्यावर मानेपासून कमरेपर्यंत लालभडक दिसलं.

"देवाऽ! जावयाले कोनं मारलं रे!"

देवराव काठी घेऊन धावला. चार माणसं गाडीवानाला धरायला गेली. बाबाराव "रंग आहे, रंग आहे" म्हणून ओरडत होते आणि गौतम पाठीवर उड्या मारत होता. उडीगणिक गाठ आवळत होती.

सगळा उलगडा झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आना लेकराले इकडं, बापू. दमले असान."

बाबाराव पाठ करून उभे राहिले. सासूबाईंनी गाठ ओढली. मग देवरावने. मग वराकडच्या एका पहिलवानाने दात लावले आणि एक दात हालल्याची तक्रार केली. गौतमला वरून उपसून काढावं, तर त्याने दोन्ही मुठींत बापाचे केस धरले. कोणी विळा आणला. गाठ होती लेकराच्या बुडाखाली आणि बापाच्या कण्यावर. तिथे विळा चालवायला कोणी धजेना. आणि हे सगळं चालू असताना गौतम झोपून गेला.

"राहू द्या," बाबाराव खालच्या आवाजात म्हणाले. "झोपला आहे तर झोपू द्या."

कांताबाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी एकदा गाठीकडे पाहिलं, एकदा मांडवाकडे पाहिलं आणि जाऊन सगळ्यात समोर बसल्या.

त्याच वेळी देवराव भाऊजींना बाजूला घेऊन गेला. त्याचा चेहरा उतरला होता.

"भाऊजी, यवतमाळचा मानूस नाई आला लग्न लावाले. मोटार चुकली म्हन्ते. आता तुमीच."

"मी? अरे, मला काय येतं?"

"तुमाले वाचता येते ना. पुस्तक हाय."

गावातलं हे नव्या पद्धतीचं पहिलं लग्न होतं. होम नाही, फेरे नाहीत, अक्षता नाहीत, नवसाचं बकरं नाही. काय काय नाही याची यादी पोरापोरांना पाठ होती. काय आहे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबारावांनी पांढरकवड्याला असं एक लग्न पाहिलं होतं, पण शेवटच्या रांगेत उभं राहून, म्हणजे पाठीमागून. आणि कांताबाईंची गोष्ट तर आपल्याला माहीतच आहे. थोडक्यात, असलं लग्न अख्खं पाहिलेला माणूस त्या मांडवात एकही नव्हता.

टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि दोन मेणबत्त्या. पांढऱ्या लुगड्यातली इंदू आणि शेजारी नवरदेव. तो शाळामास्तर होता आणि कुठे काही चुकू नये म्हणून इतका ताठ उभा होता, की त्याला श्वास आठवून घ्यावा लागत होता. समोर दीडशे माणसं. आणि सगळ्यांच्या पुढे कांताबाई, मांडीवर हात ठेवून, रिकाम्या मांडीचं आश्चर्य करत.

बाबारावांनी पुस्तक उघडलं. पाठीवर मूल, दोन्हीकडे फितीला मुलं, सदरा लाल. त्यांनी पहिली ओळ म्हटली. मांडवाने ती मागे म्हटली. दीडशे माणसांचा तो आवाज गौतमच्या कानात गेला, तो जागा झाला आणि त्याने जो टाहो फोडला, त्याने एक मेणबत्ती विझल्याचं आजही काही लोक सांगतात.

कांताबाई अर्ध्या उठल्या. सात वर्षांची सवय होती, ती गुडघ्यांनाच होती. त्यांनी मागे गोठ्याकडे पाहिलंसुद्धा.

बाबारावांना ते दिसलं. त्यांनी मान जोरात हलवली. बस. बस म्हणतो ना. आणि काय करावं ते न सुचून ते दोन पावलं चालले.

गौतम थांबला.

बाबाराव थांबले. गौतम सुरू झाला.

बाबाराव चालले. गौतम थांबला.

रेकॉर्ड-कीपरला एवढा पुरावा पुरे होता. दुसरी ओळ त्यांनी चालत चालत म्हटली. फीत ताणली गेली तसा उजवीकडून मिलिंद निघाला. डावीकडून सुजाता निघाली, कारण तिला थांबायची सोयच उरली नव्हती. आणि देखरेख म्हणून मागून नलू. टेबलाच्या पुढून निघून, बायकांच्या रांगांना वळसा घालून बाबाराव मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचले, तेव्हा नवरदेवाने इंदूकडे पाहिलं. पुस्तक ज्याच्या हाती तो चालतो आहे, त्या अर्थी चालायचं असेल. तो इंदूला घेऊन नलूच्या मागे लागला. नवरा चालला म्हणून वरबाप उठला. वरबाप उठला म्हणून वऱ्हाड उठलं. वऱ्हाड उठल्यावर आपण मागे राहिलो तर इज्जत जाईल, म्हणून मुलीकडचं सगळं गाव उठलं.

म्हातारा उकंडा आजा काठी टेकत शेवटी निघाला. "काहून रे देवराव," तो कुजबुजला, "फेरे तर बंद झाले म्हन्ते ना?"

"आजा, हे फेरे नोव्हत."

"मंग कायचे हाय?"

देवरावला ते माहीत नव्हतं. "नवीन हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "चाला."

एकच व्यक्ती बसून होती. कांताबाईंना सांगितलं होतं, की शेवटपर्यंत मधात उठायचं नाही. त्या उठल्या नाहीत. जी लग्नं आजवर त्यांच्या पाठीमागे होत आली, त्यांतलं एक आता त्यांच्या चारही बाजूंनी फिरत होतं. समोरून इंदू जायची, बहिणीकडे पाहून हसायची, पुन्हा फिरून यायची. नवऱ्याची टोपी, वरमाईची नवी चोळी, मिलिंदची सुटत चाललेली चड्डी, सगळं त्यांनी पाच-पाच वेळा पाहिलं. आणि दर फेरीला एक घामाघूम माणूस, पाठीवर त्यांचं लेकरू घेऊन, मोठ्याने पंचशील म्हणत, त्यांच्याकडे चोरून पाहत जायचा. त्यांचे डोळे भरून आले. (नंतर त्यांनी ते धुराने झालं असं सांगितलं. होम नव्हता.)

पुस्तक संपलं तेव्हा गौतम झोपला होता. बाबाराव थांबले. दीडशे माणसं थांबली. हार घातले गेले. टाळ्या वाजल्या, त्याही दबक्या, कारण बाबारावांनी मागे वळून "शूऽऽ" केलं होतं आणि तेही विधीतलंच आहे असं सगळ्यांनी धरलं.

वरबाप पुढे आला. त्याने बाबारावांचे दोन्ही हात धरले. "असं शिस्तीचं लगन नाई पाह्यलं, बाप्पा! आन् लेकराले पाठीवर घ्याचं काय कारन हाय? पुढची पिढी, असंच ना?"

"असंच," बाबाराव म्हणाले.

जेवणाची पंगत बसली. बाबारावांना बसता येईना. ते खांबाला धरून उभे होते, समोर बुंदी आणि आलू-वांग्याची भाजी येऊन गेली. तेव्हा कांताबाई शांतपणे त्यांच्या मागे आल्या. एक टोक त्यांनी आत ढकललं, अंगठ्याने वरचा पदर उलटा फिरवला, आणि बेचाळीस नंबर गळून त्यांच्या हातात आला. गौतम झोपेतच आईच्या खांद्यावर गेला.

बाबाराव कण्यावर हात ठेवून थक्क होऊन पाहत राहिले.

"तुले येते ही गाठ?"

"न याले काय झालं? हे तर आमची कापसाच्या गाठोड्याची गाठ हाय. लहानपनापासून सोडतो मी."

"मग मघाशी काहून नाही सांगितलं? पहिलवानाचा दात हालला!"

कांताबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यात बुंदी जरा जास्तच होती.

"मघाशी," त्या म्हणाल्या, "मले लगन पाह्याचं होतं."

त्यानंतर बाबारावांच्या घरी बाहेर जाण्याला कोणी भीत नसे. आठवडी बाजार, वणीची जत्रा, दीक्षेचा वर्धापनदिन, सगळीकडे बाबाराव लाल पाठीने हिंडले. कचेरीत सुरुवातीला हसू झालं. मग हेडक्लार्कच्या बायकोने आडून आडून कापडाची चौकशी केली आणि हसू थांबलं. आपण एका सुधारणेचे जनक आहोत अशी बाबारावांची हळूहळू खात्री होत चालली.

पुढल्या माघात एक पत्र आलं. घाटंजीकडच्याच एका गावात, वरबापाच्या भाच्याचं लग्न ठरलं होतं. बाबारावांनी ते चष्मा पुसून, कांताबाईंना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं.

'सप्रेम जयभीम. आपल्याकडील लग्नाची पद्धत या भागात सर्वांना फार पसंत पडली आहे. त्याचप्रमाणे करण्याचे येथील मंडळींनी ठरविले आहे. तरी बस्ता नंबर बेचाळीस व लाल फीत अवश्य पाठविणे. पुस्तक वाचणारा मास्तर आमच्याकडे आहे. लेकरूही आमच्याकडे आहे. गाठ सोडण्याकरिता सौ. कांताबाई यांनी आठ दिवस आधी येणे. आपण नोकरीतील मनुष्य. आपण येण्याची तसदी घेऊ नये.'

बाबारावांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. वर पाहिलं तर कांताबाई ट्रंक काढत होत्या.

"आन् पोट्टे?" बाबारावांनी विचारलं.

"तुमीच तर म्हनले होते, पोट्टे मी सांभाळतो." कांताबाईंनी खुंटीवरचा बस्ता काढून नीट घडी केला आणि ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला.